आरशाचा तक्ता

मुलाखतीच्या दिवशी समितीवरच्या प्रत्येकापुढे टोक केलेली पेन्सिल ठेवतात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पेन नाही, पेन्सिलच, आणि बाजूला कोरा खोडरबर. मुंबईहून आलेले तज्ज्ञ माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी हळूच समजावलं की गुण आधी पेन्सिलने भरायचे, मग चहा घेत घेत चर्चा करायची, सगळ्यांचे आकडे एका दिशेला आणायचे आणि शेवटी त्यावर पेन फिरवून सही करायची. "सगळीकडे असंच चालतं," ते म्हणाले. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, म्हणजे इथे परीक्षा उमेदवारांची नाही, खोडरबराची आहे.

आमचं विद्यापीठ नवं. विरारच्या पूर्वेला, पुढे काचांची उंच इमारत आणि मागे अजून थोडी भातशेती. जागा होती दृष्टिविज्ञानाच्या सहयोगी प्राध्यापकाची. डोळ्यांचा डॉक्टर डोळा बरा करतो. दृष्टिविज्ञानवाले माणसाला काय दिसतं, किती दिसतं आणि का दिसत नाही ते मोजतात. जो कोणी निवडला जाईल तोच पुढे विभाग चालवणार होता. मी तिथली सगळ्यात जुनी शिक्षिका. आधी बरीच वर्षं माणिकपूरला चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढले, मग इथे येऊन मुलांना तेच शिकवायला लागले. डॉक्टरेट नाही, म्हणून ती जागा मला मागता येत नव्हती. ती कुणाला द्यावी यावर गुण मात्र देता येत होते. हा न्याय मला अजून कळलेला नाही, पण त्या दिवशी तो माझ्या पथ्यावर पडला.

मुलाखतीला दोघंच आले होते. एक आमच्याच विभागातला तरुण. हुशार, गोड बोलणारा, कुलगुरूंच्या केबिनमध्ये दार न वाजवता जाणारा. मी त्याला मनातल्या मनात जावई म्हणायचे, कारण जागेची जाहिरात निघायच्या आधीपासून त्याचं आदरातिथ्य तसंच चाललं होतं. दुसरी लातूरकडची एक मुलगी. मुलगी म्हणते, पण पस्तिशीची असेल. तिला आमच्याकडे कुणीही ओळखत नव्हतं, आणि तिची निवड होणार नाही हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

जावयाची सगळी भिस्त एका शोधनिबंधावर होती. तो निबंध आमच्या नेत्रतपासणी शिबिरातून निघालेला, आणि शिबिर मी घेतलेलं. वसईतल्या होळी नावाच्या भागात, एका चर्चच्या सभागृहात, रविवारच्या मिस्सानंतर. फादरनी प्रवचन संपल्यावर सूचना केली आणि आसपासच्या गावांतली माणसं रांगा लावून आली. भाजीवाल्या, वाडीत राबणारी म्हातारी माणसं, भातशेतीतले लोक. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे 'ई'चा तक्ता असतो. इंग्रजी ई, तीन दांड्यांची. तिची उघडी बाजू कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. माणसाने हाताने दिशा दाखवायची आणि विद्यार्थ्याने हातातल्या उत्तरांच्या कार्डाशी ताडून खूण करायची. नंबर काढायची ही साधी, जुनी पद्धत.

त्या खुणांची जावयाने आकडेमोड केली आणि निष्कर्ष काढला की या किनारपट्टीवरच्या न शिकलेल्या प्रौढांमध्ये दिशा ओळखण्याचा दोष आहे. मोठ्या नियतकालिकात छापून आला. लेखकांच्या यादीत माझंही नाव होतं, शेवटून दुसरं. विद्यापीठाने तो निबंध चौकटीत बसवून प्रवेशद्वाराशी लावला. मी तिथे उभी राहून फोटो काढून घेतला होता, हे आता लिहिताना कान तापतात.

माझी मावशी त्या शिबिरात होती. आईची धाकटी बहीण, सासर होळीच्या पुढे खाडीकडच्या भातशेतीच्या गावात. भाताचं पीक निघालं की वाल, मुळा, पालेभाजी लावायची आणि टोपली घेऊन बसने एकटी वसईच्या बाजारात जायची. तिच्या तपासणीच्या कार्डावर आमच्या विद्यार्थ्याने लिहिलं, "डाव्या-उजव्याचा गोंधळ." तिच्या मुलांनी ते वाचलं आणि ते घाबरले. आई रस्ता चुकेल, भलत्या बसमध्ये बसेल, कुठे तरी पडून राहील, असं त्यांच्या डोक्यात बसलं. त्यांनी तिचं एकटीचं बाजारात जाणं बंद केलं. मावशी तणतणत माझ्या घरी आली. "मला डावा-उजवा कळत नाय? मग इतकी वर्सं बाजारातून घरी कोन आनून सोडत होता मला?" ती म्हणाली. आणि मी काय केलं? मी तिला समजावलं. म्हटलं, मावशी, वयाने होतं असं, तपासणीत आलंय ना. ती चहा तसाच ठेवून उठली.

हे सगळं पोटात घेऊन मी मुलाखतीला बसले होते, आणि खरं सांगायचं तर मी जावयालाच गुण देणार होते. भांडायचं तरी कशावरून?

जावयाची मुलाखत कौतुकात पार पडली. कुलगुरू अध्यक्षस्थानी होते, त्यांनी त्याला अधूनमधून उत्तरंच सुचवली. मग ती मुलगी आली. कडक इस्त्रीचा सुती कुर्ता, जाड भिंगांचा चष्मा, हातात एकच फाईल. तज्ज्ञांनी तिला ठरावीक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर सगळ्यांनाच पाठ असतं. "या विभागाने दिशा ओळखण्याच्या दोषावर महत्त्वाचं काम केलंय. ते तुम्ही पुढे कसं न्याल?"

"पुढे नेणार नाही, सर," ती म्हणाली. "आधी शिबिरात वापरलेला तक्ता बघायला आवडेल."

कुलगुरूंच्या कपाळावर आठ्या आल्या. "तक्त्याचं काय?"

तिने फाईलमधून आमच्याच निबंधातलं एक पान काढलं. "यात वर आणि खाली ओळखण्यात एकही चूक नाही. डावं-उजवं मात्र काही लोकांचं सगळंच्या सगळं चुकलंय आणि काहींचं एकदाही नाही. मधलं कुणीच नाही. माणसं इतकी व्यवस्थित चुकत नाहीत, सर. गोंधळलेला माणूस कधी चुकतो, कधी बरोबर येतो. मला ही चूक माणसांची वाटत नाही, सामानाची वाटते."

ती अजून बोलत होती. मला तो तक्ता आठवला. कुठून काढला, कसा नेला, कुठे लावला, सगळं. पुढचं तिने सांगायची गरजच नव्हती. तरी मी म्हटलं, "सर, प्रयोगशाळा खालच्याच मजल्यावर आहे. पाच मिनिटांत बघून येऊ." कुलगुरू नको म्हणणार होते, पण तज्ज्ञ उठले होते. मला वाटतं त्यांना पायही मोकळे करायचे होते.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक अरुंद खोली. नजर तपासायला सहा मीटर अंतर लागतं आणि खोली त्याच्या निम्मीच आहे. म्हणून तक्ता माणसाच्या पाठीमागे डोक्यावर लावतात आणि समोरच्या भिंतीवर आरसा. माणूस आरशातला तक्ता वाचतो, नजरेला अंतर पूर्ण मिळतं. आता आरशात डावं उजवीकडे जातं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून असे तक्ते कारखान्यातून मुळातच उलटे छापून येतात, म्हणजे आरशात ते सुलटे दिसतात. अक्षरांचा तक्ता असता तर उलटं 'क' कुणाच्याही डोळ्यात खुपलं असतं. पण ई उलटी केली तरी ईच दिसते, फक्त तोंड दुसरीकडे. नुसतं बघून कुणालाही कळत नाही.

मुलीने तज्ज्ञांना खुर्चीत बसवलं आणि उत्तरांचं कार्ड माझ्या हातात दिलं. त्यांनी आरशात बघून एक ओळ वाचली. सगळी उत्तरं बरोबर. मग तिने त्यांना उठवून वळवलं आणि तीच ओळ थेट तक्त्यावर वाचायला सांगितली. वर बरोबर, खाली बरोबर. डावं चूक. उजवं चूक. दुसरं डावंही चूक. तज्ज्ञांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली, पुन्हा तेच.

"सर, तुमच्या कार्डावरही आता दोष लिहावा लागेल," ती म्हणाली. ती हसली नाही, म्हणून ते जास्तच लागलं.

कुलगुरू दारातच उभे होते. त्यांनी विचारलं, "शिबिरात हा तक्ता कुणी नेला होता?"

खोटं बोलायला भरपूर जागा होती. विद्यार्थ्यांनी नेला म्हटलं असतं तर चाललं असतं; ते पास होऊन कुठल्या कुठे गेले होते. आठवत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे मावशीचा तसाच ठेवलेला चहा आला, आणि मला स्वतःची इतकी चीड आली की तोंड आपोआप उघडलं. "मी नेला, सर. याच खिळ्यावरून काढला, रिक्षात घालून नेला, सभागृहात टेप लावून सहा मीटर मोजले आणि भिंतीवर टांगला. मोठं सभागृह मिळालं म्हणून खूश होते. आरशाची गरज नाही म्हटलं आणि आरसा इथेच ठेवला." जे विद्यार्थी कार्डात बघून खुणा करत होते त्यांच्या रांगेतली माणसं गोंधळलेली ठरली, आणि जी पोरं कंटाळून थेट तक्त्याकडे बघत होती त्यांच्या रांगेतली शहाणी. एवढंच आमचं संशोधन.

वर येऊन बसलो. मुलीला बाहेर थांबायला सांगितलं. चहा आला, बिस्किटं आली, आणि कुलगुरूंनी शांतपणे विषय काढला. माणूस वाईट नाही तो. महिन्याभरात विद्यापीठाच्या मान्यतेसाठी तपासणी समिती येणार होती आणि प्रवेशद्वारावरची चौकट त्यांना दाखवायची होती. "मुलगी हुशार आहे, वाद नाही," ते म्हणाले. "पण ही आली की पहिल्या दिवशी निबंध मागे घ्यायला लावेल. आणि आता आपल्या विभागातल्या मुलालाही लगेच घेता येणार नाही. असं करू, योग्य उमेदवार आढळला नाही म्हणून लिहू. सहा महिन्यांनी पुन्हा जाहिरात काढू. तोवर वातावरण निवळेल."

तज्ज्ञांनी पेन्सिल उचलली. कुलगुरूंनी खोडरबर माझ्याकडे सरकवला.

जिने पाव तासात आमचं अख्खं शिबिर उघडं पाडलं ती योग्य नाही? मग योग्य कोण, तो तक्ता आरशाशिवाय लावणारी मी? मी पर्समधून माझं पेन काढलं. निळ्या शाईचं, दुकानात असल्यापासून मी त्याच बनावटीचं वापरते. गुणपत्रकावर त्या मुलीच्या नावापुढे प्रत्येक रकान्यात पूर्ण गुण भरले. खाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं: शिबिरातला तक्ता मी चुकीचा लावला. निबंधातला निष्कर्ष त्या चुकीवर उभा आहे. ही चूक या उमेदवाराने मुलाखतीतच सिद्ध करून दाखवली, म्हणून माझ्या मते हीच योग्य आहे. आणि सही केली, तारखेसकट.

"मॅडम, पेन्सिल," कुलगुरू म्हणाले.

"नको, सर. मला पेनची सवय आहे."

"याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत का?"

"माहीत आहेत, म्हणूनच पेनने लिहिलं. पेन्सिलने लिहिलं असतं तर परिणाम तुम्ही खोडले असते."

तज्ज्ञांनी माझा कागद ओढून घेतला आणि दोनदा वाचला. मी त्यांना फार उदार मनाचे ठरवणार नाही. त्यांनी सरळ हिशेब केला. "बाईंनी स्वतःच्याच विरोधात लेखी दिलंय," ते कुलगुरूंना म्हणाले. "याच फाईलमध्ये मी 'कुणीच योग्य नाही' लिहिलं आणि उद्या कुणी माहिती अधिकारात कागद मागितले, तर तोंड माझं काळं होणार." मग माझ्याकडे हात केला. "द्या ते पेन."

शेवटी कुलगुरूंनीही सही केली. पेन्सिली तिथेच पडून राहिल्या.

त्या रविवारी मी मिस्साहून परस्पर मावशीकडे गेले. तिच्या दोन्ही मुलांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, आरसा, तक्ता, माझा मूर्खपणा. मावशी मेथी निवडत होती, तिने मान वर केली नाही. "तूच मला येडी ठरवलीस, आनि आता तूच शानी ठरवायला आलीस," ती म्हणाली. "मी होते तशीच हाय." मला वाटलं होतं ती हसेल, मला जवळ घेईल. तिने मला मेथीची जुडी दिली आणि निवडायला बसवलं.

परिणाम व्हायचे ते झालेच. विद्यापीठाचा नेत्रतपासणीचा दवाखाना मी चालवायचे, तो काढून घेतला आणि मला ग्रंथालयाच्या खरेदी समितीवर टाकलं. स्टाफरूममध्ये मी आले की गप्पा थांबायच्या. जावयाने एकदा जिन्यात अडवून विचारलं, "मॅडम, आधी मला सांगायचं ना. आपण बसून मिटवलं असतं."

"काय मिटवणार होतास? डोळे तुझे होते की लोकांचे?" मी म्हटलं आणि पुढे निघाले. माझा आवाज जरा जास्तच चढला होता, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

नेमणुकीचं पत्र निघायला पुष्कळ वेळ लागला. व्यवस्थापनाने फाईल दोनदा परत पाठवली. दोन्ही वेळा मी कुलसचिवांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि फाईल कुठे आहे ते विचारत राहिले. शेवटी ती मुलगी रुजू झाली. मी तिच्यासाठी आगाशीच्या बाजारातून सुकेळी आणून ठेवली होती, इथली वाळवलेली केळी, बाहेरच्या माणसाला अप्रूप वाटतं म्हणून. म्हटलं, येईल, आभार मानेल, दोघी चहा घेऊ. एवढी लढाई केली होती तिच्यासाठी.

चौथ्या दिवशी शिपाई माझ्या हातात पाकीट देऊन गेला. विभागाच्या शिक्क्याचं पत्र, खाली तिची सही. शिबिरात आरशाचा तक्ता थेट भिंतीवर कसा लावला गेला, वापरण्याआधी तो कुणी तपासला, याबद्दल आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. निबंध मागे घेण्याच्या अर्जासोबत तो जोडायचा आहे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिच्यासाठी मी वाईटपणा घेतला तिने मलाच जाब विचारावा? सुकेळीचं पुडकं मी कपाटात आत ढकललं. घरी आले, कुणाशी धड बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खुलासा लिहायला बसले. चांगला दीड पानांचा लिहिला आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवला, बसा म्हणायची वाट न बघता बसले.

तिने तो सावकाश वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, "तक्ता माझ्याकडून अनवधानाने थेट भिंतीवर लावला गेला."

"मॅडम, आरशासाठीचा तक्ता असला की त्याच्या मागच्या बाजूला तसं छापलेलं असतं," ती म्हणाली. "लावण्याआधी तुम्ही उलटून पाहिलं होतं का?"

पाहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं तोच तक्ता, तोच खिळा, आणि मी इतक्या अनुभवाची. मला काय उलटून बघायचंय, असं मला तेव्हा वाटलं होतं. वाटलेलं मला लख्ख आठवत होतं.

"नाही पाहिलं," मी म्हटलं.

"मग ते अनवधान नाही, मॅडम."

तिच्या आवाजात राग नव्हता आणि दयामायाही नव्हती. मी पेन काढलं, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, "न तपासता." पुन्हा वाचलं, सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. अशीच बाई मला त्या खुर्चीत हवी होती.